पंपाची कंपनं आणि मुळाखालचा वजा एक: प्रकल्प नोंदी

३ नोव्हेंबर २०२५, सोमवार

नदीकाठच्या उपसा योजनेच्या पंपावर काल कंपनमापक बसवला. पंप चालवणारे काका गेली कित्येक वर्षं मोटरच्या अंगावर हात ठेवून बेअरिंगची तब्येत सांगतात. बसवताना ते म्हणाले, "आवाजावरनंच कळतंय मला. पण मी चार दिस पाव्हण्याकडं गेलो तर कुणाला कळायचं?" सगळं काम या एका प्रश्नासाठी आहे. काकांच्या तळहाताला जे कळतं ते आकड्यात उतरवायचं.

सेन्सर एमपीयू-६०५०. तीन अक्ष, प्रत्येक अक्षाची नोंद १६ बिटांचा चिन्हासहित पूर्णांक. सर्वात लहान रेंजवर, म्हणजे अधिक-उणे २ जी ला, १ जी (पृथ्वीच्या गुरुत्वाकर्षणाएवढं त्वरण) म्हणजे १६,३८४. सेकंदाला १,००० नोंदी, म्हणजे दिवसाच्या ८ कोटी ६४ लाख ओळी आणि जवळपास ५१८ मेगाबाइटची एक फाइल. फाइल कार्डावर साठते, रात्री घरी आणून पायथन आणि नमपायवर (पायथनची आकडेमोडीची लायब्ररी) चालवायची.

पहिलं पाऊल सरळ आहे. तिन्ही अक्षांच्या नोंदींचे वर्ग करायचे, बेरीज घ्यायची आणि अख्ख्या अ‍ॅरेचं (आकड्यांच्या रांगेचं) एका झटक्यात वर्गमूळ काढायचं. हे झालं एकूण परिमाण. नमपायचं स्क्वेअर रूट फंक्शन अ‍ॅरेच्या प्रत्येक घटकावर आपण होऊन चालतं, लूप लिहावा लागत नाही.

४ नोव्हेंबर, मंगळवार

पहिला आलेख आला. बंद मोटरवर १६,३८४ च्या आसपास एक आडवी रेघ दिसायला हवी होती. आलेखात रेघ दीडशेच्या आसपास आहे.

शेजारचा मुलगा अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे, तो या कामात मदतीला येतो. सरासरी त्यानेच काढली होती. विचारल्यावर म्हणाला, "दादा, मध्ये मध्ये नॅन येत होते म्हणून मी नॅनमीन वापरलं." नॅन म्हणजे 'ही संख्याच नाही' अशी खूण, आणि नॅनमीन ती खूण असलेले घटक वगळून सरासरी काढतं. किती वगळले ते मोजलं. जवळपास निम्मे!

त्याला बोललो नाही, कारण सूचना खरोखर एकच ओळ आली होती. मुळाला अवैध किंमत मिळाल्याची सूचना पायथन त्या ओळीपाशी एकदाच छापतो. एक नॅन असो वा चार कोटी, पडद्यावर दिसतं तेवढंच. पण आजपासून नियम केला: नॅन का आला हे कळल्याशिवाय त्याला वगळणारं कुठलंही फंक्शन वापरायचं नाही.

६ नोव्हेंबर, गुरुवार

सापडलं. संध्याकाळभर दोन ओळी घेऊन बसलो होतो, त्या इथे पूर्ण उतरवून ठेवतो.

पहिली ओळ: एक्स १२०, वाय उणे ८५, झेड १६,३९०. हिचं उत्तर १४७.१८ येत होतं.
दुसरी ओळ: एक्स ११८, वाय उणे ९०, झेड १६,३८७. हिचं उत्तर नॅन.

दोन्ही ओळी शांत उभ्या मोटरच्या, झेडमध्ये फरक फक्त तीनचा. मुळाखाली काय जातंय ते छापून पाहिलं. पहिलीत २१,६६१ आणि दुसरीत उणे १०,७३५. तीन वर्गांची बेरीज उणे!

कारण अ‍ॅरेच्या प्रकारात आहे. फाइल वाचताना अ‍ॅरे १६ बिटी पूर्णांकांचा झाला. १६ बिटी अ‍ॅरेला त्यानेच गुणलं की नमपाय उत्तरही १६ बिटांतच ठेवतो, आणि त्यात मावतं ३२,७६७ पर्यंत. त्यापुढे गेलं की ६५,५३६ चे सगळे गठ्ठे गळून पडतात आणि उरलेलं तेवढं हातात येतं. १६,३८४ चा वर्ग २६,८४,३५,४५६, म्हणजे ६५,५३६ ची बरोबर ४,०९६ पट. उरतं शून्य. पृथ्वीचं पूर्ण गुरुत्वाकर्षण, ज्याच्यावर सगळं मोजमाप उभं आहे, ते १६ बिटांत शून्य होऊन जातं.

रेंज बदलली तरी सुटका नाही. या सेन्सरवर १ जी चे आकडे ८,१९२, ४,०९६ आणि २,०४८ असे आहेत. सगळे दोनचे घात, आणि सगळ्यांचे वर्ग ६५,५३६ ने नि:शेष भागले जातात.

झेड १६,३८४ पासून सम अंतरावर असला तर त्या अंतराचा वर्ग तेवढा उरतो. १६,३९० हा ६ ने पुढे, म्हणून ३६ उरले. अंतर विषम असलं की त्यात ३२,७६८ ची भर पडते, चिन्हाचा बिट उलटतो आणि संख्या उणे होते. १६,३८७ चा वर्ग असाच उणे ३२,७५९ झाला. झेडच्या नोंदी सम-विषम साधारण अर्ध्या अर्ध्या येतात, म्हणून निम्म्या ओळी नॅन. परवा नुसता मोजलेला तो 'निम्मे' आज कारणासकट समजला, याचा फार आनंद झाला.

एक गोष्ट मात्र खटकली. १६ बिटांची सुटी एकच संख्या घेऊन गुणली तर नमपाय ओव्हरफ्लोची, म्हणजे आकडा न मावल्याची, सूचना देतो. तीच संख्या अ‍ॅरेत बसलेली असली तर चकार शब्द काढत नाही. मी तपासताना सुटी संख्या घेतली म्हणून तर धागा हाताला लागला.

८ नोव्हेंबर, शनिवार

दुरुस्ती झाली. वर्ग करण्याआधीच प्रकार मोठा करायचा. पहिल्या ओळीची खरी बेरीज २६,८६,५३,७२५ आणि मूळ १६,३९०.६६.

बाबा निवृत्त गणित शिक्षक. त्यांना आकडा दाखवला तर म्हणाले, "यंत्राचं राहू दे, कागद आण." उजवीकडून दोन दोन अंकांच्या जोड्या पाडल्या: २, ६८, ६५, ३७, २५. भागाकार पद्धत. एक, मग सहा, मग तीन, मग नऊ. शेवटची जोडी खाली उतरवली, भाजक ३२,७८० झाला आणि त्याखाली २१,६२५. भाग जाईना, म्हणून शून्य. "सोळा हजार तीनशे नव्वद, बाकी एकवीस हजार सहाशे पंचवीस. दशांश हवेत का?"

मी त्या बाकीकडे बघत राहिलो. १२० चा वर्ग १४,४००, ८५ चा ७,२२५. बेरीज २१,६२५. बाबांच्या कागदावरची बाकी म्हणजे एक्स आणि वायचे वर्गच होते, झेड काढून घेतल्यावर उरलेले. बाबांना हे सांगितल्यावर त्यांनी त्या आकड्याभोवती पेन्सिलने चौकट केली. स्थानांच्या जोड्यांनी वर्गमूळ काढण्याची रीत आर्यभटाने इ.स. ४९९ मध्ये गणितपादात एका श्लोकात दिली आहे, हे त्यांनीच मला सातवीत असताना सांगितलं होतं. कागद या वहीत चिकटवला आहे.

९ नोव्हेंबर, रविवार

प्रकार किती मोठा करायचा? शेजारच्या पोराने ३२ बिटी पूर्णांक सुचवले. वाटतं पुरतील, पण उणे ३२,७६८ चा वर्ग १,०७,३७,४१,८२४. दोन अक्ष एकाच वेळी उणे टोकाला टेकले की बेरीज २,१४,७४,८३,६४८, आणि ३२ बिटांत मावतात २,१४,७४,८३,६४७. एकाने हुकतं! मोटर जोराने हादरते तेव्हाच सेन्सर टोकाला टेकतो, म्हणजे नेमक्या गरजेच्या क्षणी दगा. ६४ बिटी पूर्णांक ठरवले.

मेमरीचा प्रश्न आहेच. दिवसभराचा एक अक्ष ६४ बिटांत ६९१ मेगाबाइट होतो. तासातासाचे तुकडे करून चालवणार. मुळाचं उत्तर ठेवायला आधीच केलेला अ‍ॅरे 'आउट'मध्ये द्यायचा, म्हणजे दर तुकड्याला नवी जागा मागितली जात नाही.

११ नोव्हेंबर, मंगळवार

पोराचा प्रश्न: मॅथ मोड्यूलचं वर्गमूळ लूपमध्ये का नको? दोन्ही चालवून दाखवली. एका तासाचा तुकडा नमपायने बोलता बोलता संपवला, लूप चालू असताना आम्ही चहा करून आणला. मॅथमधलं फंक्शन दर वेळी एक पायथनची संख्या उचलतं, फोडतं, मूळ काढतं, नवी संख्या बांधतं. नमपाय सलग पडलेले आकडे प्रोसेसरच्या हाती देतो, आणि वर्गमुळासाठी प्रोसेसरमध्ये स्वतंत्र आज्ञा असते. २५६ बिटी रजिस्टर असेल तर एका आज्ञेत चार दुहेरी फ्लोट (६४ बिटी दशांश संख्या).

त्याला यापेक्षा महत्त्वाची वाटावी अशी गोष्ट मी मुद्दाम सांगितली. आयट्रिपलई ७५४ या फ्लोटच्या गणितासाठीच्या १९८५ च्या मानकात वर्गमूळ बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार यांच्या पंक्तीला बसवलेलं आहे. उत्तर असं हवं की जणू अचूक मूळ काढलं आणि मग एकदाच, जवळच्या फ्लोटकडे वळवलं. साइन किंवा लॉगला अशी सक्ती त्यात नव्हती. म्हणून या कामात कुठे विचित्र उत्तर आलं तर मुळाला शेवटी विचारायचं, त्याच्या आत काय गेलं ते आधी.

तो म्हणाला, "मग पूर्णांकी मूळ हवं असेल तर खालचा पूर्णांक घेतला की झालं." नाही होत. ६,७१,०८,८६५ च्या वर्गातून एक वजा केला तर त्याचं मूळ ६,७१,०८,८६५ पेक्षा किंचित कमी आहे, पण ते 'किंचित' फ्लोटच्या अर्ध्या पायरीपेक्षाही बारीक आहे. म्हणून उत्तर वरच्या फ्लोटकडे वळतं, आणि खालचा पूर्णांक एकाने जास्त मिळतो. मूळ नियमाने बरोबर, आपला निष्कर्ष चूक. पायथनमध्ये ३.८ पासून पूर्णांकी मुळाचं वेगळं फंक्शन आहे ते याचसाठी.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

नुसत्या परिमाणाने बेअरिंग कळत नाही, त्यात गुरुत्वाकर्षणच भरलेलं असतं. हवंय ते दर सेकंदाचं प्रमाण विचलन. १,००० नोंदींची सरकती खिडकी: वर्गांची सरासरी वजा सरासरीचा वर्ग (म्हणजे व्हेरियन्स), तिन्ही अक्षांची बेरीज, मग मूळ. झटपट व्हावं म्हणून चढत्या बेरजेचा अ‍ॅरे केला. खिडकीच्या दोन टोकांची वजाबाकी केली की मधली बेरीज मिळते. सरासरी काढायची तर पुढे दशांश येणारच, म्हणून सुरुवातीलाच ६४ बिटी फ्लोट घेतले आणि दिवसाचा एकेक अक्ष सलग चालवला.

सोमवारची फाइल स्वच्छ आली. मोटर चालू होतानाची उडी, मग एकसारखी पट्टी, लाईट गेली तिथे सपाट. काकांना फोनवर वेळ सांगितली तर म्हणाले, "व्हय, तवाच गेलती." हे ऐकून बरं वाटलं.

१५ नोव्हेंबर, शनिवार

बुधवारच्या फाइलमध्ये पुन्हा नॅन, आणि जागा विचित्र आहे.

सेन्सरची एक वायर सैल झाली आहे. ती सुटली की रेकॉर्डर शेवटची नोंदच पुन्हा पुन्हा लिहीत बसतो. त्या दिवशी हे दोनदा झालं: सकाळी ७ वाजून ४० मिनिटांनी काही सेकंद आणि ११ नंतर बराच वेळ. दोन्ही वेळी तिन्ही अक्ष गोठलेले, दोन्ही वेळी झेड १६,३८७. म्हणजे विचलन शून्य यायला हवं. सकाळी शून्यच आलं. ११ नंतर सगळे नॅन. दोष तोच, आकडा तोच, सूत्र तेच, फक्त घड्याळ वेगळं.

पोराने दोन उपाय करून पाहिले. पहिला, उणे असेल तिथे शून्य धरणे. दुसरा, मुळाला 'व्हेअर'ची अट देऊन उणे घटक वगळणे. दुसऱ्यात तर भलतेच आकडे आले. 'व्हेअर' दिलं आणि 'आउट' दिलं नाही, तर वगळलेल्या जागा कोऱ्या राहतात, म्हणजे तिथे मेमरीत आधी जे काही पडलेलं असेल तेच दिसतं. वापरायचंच तर नॅनने किंवा शून्याने भरलेला अ‍ॅरे सोबत द्यावा. पहिला उपाय चालतो, पण तो मी मान्य केला नाही. मुळाखाली उणे का आलं, हे त्याने दडपलं जातं. उद्या हीच चूक उणेऐवजी अधिक बाजूला झाली तर कोण सांगणार?

१६ नोव्हेंबर, रविवार

रात्री एक वाजता सुटलं. शेजारच्या मुलाला उठवावंसं वाटलं, पण सकाळपर्यंत थांबलो.

आधी मुळाखालचा आकडा छापला. बारीकसारीक दशांश असेल अशी तयारी होती. निघाला नेमका उणे एक. ११ नंतरच्या प्रत्येक खिडकीत झेडचा व्हेरियन्स उणे १.०, एक्स आणि वायचे शून्य. मी चार तास वजा एकाचं वर्गमूळ मागत होतो.

६४ बिटी फ्लोट ९,००,७१,९९,२५,४७,४०,९९२ पर्यंत, म्हणजे दोनच्या ५३ व्या घातापर्यंत, प्रत्येक पूर्णांक अचूक धरतो. त्यापुढे फक्त सम संख्या मावतात. झेडचा वर्ग दर नोंदीला साधारण २६ कोटी ८५ लाख आणि सेकंदाला हजार नोंदी. मध्यरात्रीपासून बेरीज चढवत गेलो तर ही हद्द सव्वानऊच्या सुमाराला ओलांडली जाते. सकाळचे ७:४० हद्दीच्या अलीकडचे, ११ पलीकडचे.

आता गोठलेला आकडा. १६,३८७ चा वर्ग २६,८५,३३,७६९, याला चारने भागलं की एक उरतो. चारच्या पटीतल्या बेरजेत तो मिळवला की उत्तर विषम, म्हणजे दोन सम शेजाऱ्यांच्या बरोबर मध्ये. अशा वेळी फ्लोट ज्याचा शेवटचा बिट शून्य आहे त्या शेजाऱ्याकडे जातो, म्हणजे पुन्हा चारच्या पटीकडे. एक गळाला. पुढच्या नोंदीला पुन्हा तीच परिस्थिती, पुन्हा एक गळाला. हजार नोंदींत हजार गळाले, हजाराने भागले, एक. साध्या नोंदींची बेरीज मात्र हद्दीपासून फार लांब आहे, ती अचूक राहिली. अचूक सरासरीच्या वर्गापेक्षा वर्गांची सरासरी बरोबर एकाने कमी.

विषम संख्येचा वर्ग चारने भागल्यावर नेहमी एकच उरतो. म्हणून १६,३८७ च्या जागी कुठलीही विषम नोंद गोठली असती तरी हेच झालं असतं. सम असती तर वर्ग चारच्या पटीत, काहीच गळालं नसतं, आणि मला आजही काही कळलं नसतं. चालत्या मोटरचा व्हेरियन्स लाखांत असतो, त्यात एकाची चूक दिसलीही नसती. नॅनने ती दाखवली.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

मुलगा म्हणाला, "दादा, दर तासाला बेरीज नव्याने सुरू केली तर हद्द येणारच नाही." खरं आहे, आणि मेमरीसाठी ते करणारच आहोत. पण उत्तराचा खरेपणा तुकड्याच्या लांबीवर टांगून ठेवायचा नाही. उद्या कुणी तुकडा दिवसाचा केला तर?

म्हणून फ्लोटला शेवटच्या पायरीपर्यंत आत घेतलंच नाही. नोंदींची आणि वर्गांची चढती बेरीज ६४ बिटी पूर्णांकात. खिडकीत नोंदींची संख्या गुणिले वर्गांची बेरीज, त्यातून बेरजेचा वर्ग वजा, हेही पूर्णांकात. कॉशी-श्वार्त्झच्या असमानतेने हा आकडा उणे होऊच शकत नाही, आणि पूर्णांकात गळती नसल्याने गणितातली ही हमी यंत्रातही तशीच टिकते. मावतं का ते तपासलं: टोकाच्या नोंदी धरल्या तरी ९२,६८१ नोंदींच्या खिडकीपर्यंत मावतं, आपली हजाराची. तिन्ही अक्षांचे आकडे मिळवायचे, मग दहा लाखांनी भागायचं, मग एकदाच मूळ.

वर्गमुळाच्या ओळीभोवती नमपायची अवैध किंमत आली तर थेट त्रुटी उठवणारी सेटिंग लावली. आता नॅन बनला तर काम तिथेच थांबेल.

चाचणीत चार गोष्टी कायमच्या टाकल्या: शांत १६,३८४. विषम १६,३८७. दोन अक्ष उणे टोकाला. आणि दिवसभराच्या नोंदीत ११ वाजता गोठलेली वायर. चारही पार.

२२ नोव्हेंबर, शनिवार

पंपावर गेलो. वायर डाग देऊन पक्की केली, वरून स्लीव्ह चढवली.

एक नवी खूण घातली आहे. चालता सेन्सर मोटर बंद असतानाही किंचित थरथरतो, तिन्ही अक्षांवर सेकंदभर एकही आकडा हलला नाही असं होत नाही. म्हणून विचलन पूर्ण शून्य आलं की आलेखावर 'वायर बघा' असं उमटतं. शून्य धरण्याचा तो पहिला उपाय ठेवला असता तर सुटलेली वायर म्हणजे एकदम शांत, निरोगी पंप असा अर्थ निघाला असता, आणि काका पाहुण्यांकडे असताना आम्ही त्यावर विश्वास ठेवला असता.

काकांनी नेहमीसारखा मोटरवर तळहात ठेवला. मी फोनवर दर सेकंदाचा आकडा दाखवत होतो. त्यांनी पाण्याचा व्हॉल्व्ह थोडा आवळला, आकडा चढला. सोडला, उतरला. "आता पल्याडच्या बाजूला लाव," ते म्हणाले, "कपलिंगकडचं बेअरिंग आधी जातंय." सेन्सर काढून तिकडे बसवला. उद्याची फाइल तिथली.